भैरू मास्तरांचा घसा

मी आता जे सांगणार आहे ते कुणाला पटणार नाही. पटलंच, तर समजा माझी सांगायची रीत बिघडली. एकाहत्तर वर्षांत मी पुष्कळ सांगितलंय. विहिरीत पडलेला बैल नुसत्या शिट्टीवर वर काढला हे सांगितलं, ते चार गावांनी मानलं. एका पावसाळ्यात आमच्या कौलांवर मिरच्या उगवल्या हे सांगितलं, तर एकजण बी मागायला आला. पण भैरू मास्तरांच्या घशाची गोष्ट काढली की माणसं चहाचा कप तसाच ठेवून उठतात. म्हणून मी ती आता फक्त अशाच ठिकाणी सांगतो, जिथून माणसाला उठता येत नाही.

परवा तालुक्याला घशाच्या डॉक्टरकडं बसलो होतो. आमचा नंबर सतरावा, आणि आत सहावा चालू. बाजूला आमचे नाना. नाना म्हणजे हिंगणमाळच्या यात्रा कमिटीचे बावीस वर्षं अध्यक्ष राहिलेले, आता ब्याऐंशीचे. त्यांनाही खोकला, मलाही खोकला, म्हणून एकाच वडापच्या जीपमधून आलो होतो. समोर एक तरुण बाई बसल्या होत्या, प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. दर अर्ध्या मिनिटाला रुमाल तोंडाशी धरून हळूच घसा खाकरायच्या आणि आजूबाजूला बघायच्या, कुणी ऐकलं तर नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून. जेवण झालं की तासभर असंच. घशात काहीतरी चिकटून बसतं. निघत नाही आणि गिळवतही नाही. मधल्या सुट्टीनंतर वर्गात गेले की पोरं माझी नक्कल करतात. परवा तर हजेरीला एकानं 'हजर'च्या जागी नुसतं खाकरून दाखवलं."

"बाई, हा कसला कफ. कफ बघावा तर भैरू मास्तरांचा."

"झालं सुरू," नाना म्हणाले. पण त्यांनीही पाय लांब केले आणि टोपी मांडीवर काढून ठेवली.

तर भैरू चौगले मास्तर. शाळा शिकवायचे आणि यात्रांच्या हंगामात कुस्तीच्या मैदानात पुकारा करायचे. मैदानात जोड उभी राहिली की हा कोण, कुणाचा पठ्ठ्या, कुठल्या तालमीचा, याच्या बापानं कुणाला आस्मान दाखवलं होतं, हे सगळं माईकवरून सांगायचं काम. मास्तर ते असं सांगायचे की पैलवानाला स्वतःचीच नव्यानं ओळख व्हायची. एकदा एक गडी पाठीवर पडता पडता राहिला होता. मास्तरांनी त्याच्या आईचं नाव घेतलं, ती पहाटे तीन म्हशींच्या धारा काढून याला दूध पाजते एवढंच म्हणाले, आणि तो गडी मातीवरून असा उसळला की वरचा पैलवान प्रेक्षकांत जाऊन बसला. तिकीट लागत नव्हतं, म्हणून पुढची कुस्ती त्यानं तिथूनच बघितली.

"खरंच?" बाई म्हणाल्या.

"नानांना विचारा."

नाना म्हणाले, "प्रेक्षकांत नव्हता. पंचांत पडला होता."

मी त्यांचा माईकवाला. आठ कर्णे, दोन माईक, एक अॅम्प्लिफायर, दोन बॅटऱ्या आणि सगळं वाहून न्यायला एक सायकल. मास्तर मला बापू म्हणायचे, पण त्या म्हणण्यात असा मान की मला वाटायचं कुणी तरी मोठा माणूस आपल्या मागं उभा आहे.

आता त्यांचा घसा. सकाळी उपाशीपोटी ऐकलात तर घंटा. पण दोन घास पोटात गेले की घशाची काहील व्हायची. गुऱ्हाळातल्या त्या मोठ्या कढईत काकवी कशी रटरटते आणि बुडबुडे वर येतात, तशी घशातून रटरट सुरू. मग खाकरणं. ते खाकरणं साधं नव्हतं. त्यांच्या गल्लीत जेवणवेळेला नवी सून आली की सासू आधीच सांगून ठेवायची, घाबरू नको, मास्तर जेवले आहेत.

जिल्ह्याचे डॉक्टर झाले, औषधं सगळी झाली. ज्येष्ठमध झालं, आलं झालं, अडुळसा झाला. एकानं सांगितलं, डोकं खाली पाय वर करून उभे राहा. मास्तर राहिले. कफ तिथल्या तिथंच राहिला, वर चष्मा फुटला.

आणि मग ती हिंगणमाळची यात्रा. शेवटची मानाची कुस्ती, दोन गावांचे दोन पैलवान, खाली धूळ, वर धूळ, कुणी कुणाला पाडलं ते दिसेना. दहा हजार माणसं कर्ण्याकडं कान लावून बसलेली की मास्तर काय सांगतात. आणि मास्तरांचा घसा भरला. दुपारी जेवलेले. ते खाकरतायत, खाकरतायत, शब्द काही फुटेना. एवढ्या वेळात दोन्ही गावांनी आपापला पैलवान खांद्यावर घेतला. मग दगड आले. नानांच्या कपाळाला तीन टाके पडले.

"चार," नाना म्हणाले आणि कपाळ बाईंना दाखवलं.

पुढची यात्रा अजून अकरा महिने लांब होती, तेव्हाच नाना स्वतः मास्तरांच्या घरी आले. मी तिथंच वायरी जोडत बसलो होतो. नानांनी चहा घेतला नाही. म्हणाले, "मास्तर, तुमच्यासारखा पुकारा करणारा जिल्ह्यात न्हाई. पण मला आता डोकं एकच हाय. कमिटीनं दुसरा एक माणूस बघितलाय. तरणा हाय, रंगीत गॉगल लावतो, आवाज खणखणीत. तो मैदानात बसून राहील. तुमी एकदा जरी माईकवर खाकरलासा, तरी माईक त्याच्याकडं. आणि मग कायमचाच."

मास्तर म्हणाले, "बरोबर हाय, नाना." एवढंच. पण शाळेतनं ते पुढच्याच वर्षी रिटायर होणार होते. मुलंबाळं नव्हती. मैदान गेलं तर त्या माणसाच्या आवाजाला जगात दुसरी जागा नव्हती.

सोनाकाकींनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, चूल सारवता सारवता सगळं ऐकलं होतं. त्या शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. त्यांनी काय केलं माहिती आहे? एक रिकामा डबा घेतला आणि ओटीत हरभरे. मास्तर जेवून उठले की ह्या उंबऱ्यावर बसायच्या आणि दर खाकरण्याला एक हरभरा डब्यात टाकायच्या. असं आठ महिने. दूध घेतलं त्या दिवशी एकेचाळीस. केळं खाल्लं त्या दिवशी तेहतीस. तुपाची धार जास्त झाली, अठ्ठावीस. ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं कालवण, नऊ. गार पाण्याचा तांब्या घटाघटा प्याले, पंचवीस. कोमट पाणी घोटघोट प्याले, सहा.

"त्यांनी नोंद ठेवली?" बाईंनी रुमाल खाली घेतला होता.

"डोक्यात. कुठल्या सोमवारी काय खाल्लं आणि किती हरभरे पडले, काकी झोपेतसुद्धा सांगायच्या."

आणि आठ महिन्यांनी त्यांनी मास्तरांना समोर बसवलं. मी तिथंच होतो, मी नेहमी तिथंच असायचो. काकी म्हणाल्या, "आता माझं ऐका. एक तर लहान घास घ्या, शाळेची घंटा झाल्यागत जेवू नका. जेवल्यावर लवंडायचं न्हाई, ताठ बसायचं. मिठाच्या कोमट पाण्यानं गुळण्या करायच्या. आणि दुसरं म्हंजे तुमी खाकरता म्हणून तुमाला खाकरायला लागतं."

"हे कसं?"

"खरूज खाजवली की वाढती का कमी होती?"

"वाढते."

"मग? घशाचं तसंच हाय. एकदा जोर लावून खाकरलं की त्याच्या मागनं आणि तीनदा येतंय, मी मोजलंय. आलं तर कोमट पाण्याचा घोट घ्या आणि गिळून टाका. त्यातनंबी आलंच, तर तोंड मिटून बारीक हुंकार द्या. जोर न्हाई लावायचा."

जिल्ह्याच्या डॉक्टरांनी जे सांगितलं नव्हतं ते काकींनी एका डब्यावर शोधून काढलं. मास्तर महिनाभरात सहावर आले, सहावरून तीनवर. मी सांगतो, शेवटी शेवटी तर डबा उघडला की हरभरेच विचारायचे, आज आम्हाला काम आहे का.

"हे बघा," नाना बाईंना म्हणाले, "अशा जागी सांभाळून ऐकायचं."

पण हिंगणमाळला एक अडचण होती, आणि ती देवीची होती. तिथं रीत अशी की मैदानात पुकारा करणारा माणूस म्हणजे देवीचं तोंड. म्हणून माईक हातात घेण्याआधी त्यानं गुरवाच्या घरी बसून देवीची खीर खायची. गव्हाची खीर, गूळ घातलेली, वर दूध आणि वर तुपाची धार. वाटी चाटून रिकामी करायची, आणि तिथनं उठून सरळ मैदानात. म्हणजे काकींच्या डब्यातले एकेचाळीस अधिक अठ्ठावीस.

काकी नानांकडं गेल्या. मी सोबत. काकींनी विचारलं, "खीर सकाळी धाला दिली तर?"

"रीत मैदानाआधीची हाय, वहिनी."

"दूध जरा कमी घातलं तर?"

"देवीच्या नैवेद्यात मी हात घालू?"

"अर्धी वाटी?"

"वहिनी," नाना म्हणाले, "गेल्या साली माझं डोकं फुटलं ते मी विसरलो असतो. पण ज्या पैलवानाचा निकाल बुडाला त्या पोराच्या आईला मी अजून तोंड दाखवत न्हाई. उद्या मी रीतबी मोडली आणि गोंधळबी झाला, तर गाव म्हणंल देवी कोपली, आणि ते मास्तरांच्या नावावर जाईल. तुमाला चालंल?"

काकी उठल्या. वाटेत मला एकच म्हणाल्या, "बापू, जेवण माझ्या हातात हुतं तवर मी केलं. खीर माझ्या हातात न्हाई. माईक तुझ्या हातात हाय."

मी ते समजलो. मी आणि मास्तरांनी मिळून एक खूण ठरवली. घशात आलं आणि घोटानंही गेलं नाही, की त्यांनी डावी मूठ कपाळाला लावायची, घाम पुसल्यासारखी. मी तेवढ्यात आवाजाचं बटण खाली पिळायचं. हलगीवाल्या शिदूला सांगून ठेवलं, मूठ दिसली की हलगी चढवायची. मास्तर हलगीच्या आड मोकळे होणार, मूठ खाली येणार, की मी बटण वर. आठ दिवस आम्ही त्यांच्या परसात सराव केला. शेजाऱ्यांना वाटलं, मास्तरांच्या अंगात वारं आलं, सारखी मूठ कपाळाला लावतात.

यात्रेचा दिवस. मास्तरांनी वाटी चाटून रिकामी केली. नाना समोर उभे राहून बघत होते. गुरवीणबाई भल्या होत्या, मलाही म्हणाल्या बस. मी तीन वाट्या खाल्ल्या. खोटं कशाला सांगू, तशी खीर मी त्यानंतर कुठं खाल्ली नाही.

दुपारी दोनला मैदान भरलं. गॉगलवाला खुर्ची टाकून बसलेला. पहिली जोड, दुसरी जोड, मास्तर जणू आदल्या जन्मीपासून उपाशी असल्यासारखे बोलत होते. हाताशी काकींनी दिलेला कोमट पाण्याचा थर्मास. घोट, शब्द, घोट, शब्द. मध्येच मूठ वर. मी बटण खाली. शिदूची हलगी वर. मूठ खाली, बटण वर, आणि मास्तर जिथं सोडलं होतं त्याच शब्दावर. बासष्ट कुस्त्यांत चौदा वेळा बटण पिळलं. दहा हजार माणसांत एकाला कळलं नाही. लोक म्हणायला लागले, मास्तर आणि हलगी यांची आज काय जुगलबंदी रंगली आहे.

मग मानाची कुस्ती. शिवलिंग कोडग आणि हणमंत खरजे. दोघंही असे की मैदानात आले तेव्हा मातीनंच आधी दम टाकला. चाळीस मिनिटं चालली. शिदूच्या हलगीचं कातडं तापून करपलं, त्यानं ती बाजूला ठेवली. सूर्य बुडायचा राहिला. मी स्वतः बघितलं, डोंगरावर टेकून उभा होता. मैदान गप्प झालं. पोर रडेना, फुटाणेवाला ओरडेना. खरजेनं कब्जा घेतला, कोडग खाली. कोडगानं त्याचा हात बगलेत धरला. अजून धरला. आणि फिरला.

आणि तेवढ्यात आठही कर्ण्यांतून खाकरा गेला.

बाई, तो खाकरा. चिंचेवरची सगळी वटवाघळं उठली. एक बैल गाडीसकट पळाला तो दोन गावं ओलांडून थांबला. देवळातली घंटा आपोआप हलली, आत आरतीला उभी असलेली माणसं आरती सोडून पाया पडली.

आणि खाली मातीत कोडग ढाकेचा डाव मारून खरजेच्या छातीवर बसला होता. पण मैदान तिकडं बघेना. सगळी तोंडं मास्तरांकडं. गॉगलवाला खुर्चीतून उठला आणि त्यानं गॉगल काढून खिशात ठेवला. मास्तरांनी माईक तोंडापासून खाली घेतला आणि त्याच्याकडं धरला. मला त्यांचा तो हात अजून दिसतो. शाळेत खडू संपला की पोराच्या हातात डस्टर द्यावं, तसा.

मी उभा राहिलो. म्हणालो, "नाना, तो माझा."

"काय तुझा?"

"खाकरा. माझ्यापाशी टेस्टिंगचा दुसरा माईक हाय, तो चालूच राहिला. खीर जास्त झाली."

नाना माझ्या पाठीमागून पुढं आले. माझ्याकडं बघितलं, दुसऱ्या माईककडं बघितलं, मास्तरांकडं बघितलं. कपाळावरच्या टाक्यांच्या वणावर बोट फिरवलं.

"किती वाट्या खाल्ल्यास?"

"तीन."

"इथनं पुढं हिंगणमाळात तुला खीर न्हाई," नाना मोठ्यांदा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग गॉगलवाल्याला म्हणाले, "तू बस." आणि मास्तरांना म्हणाले, "मास्तर, निकाल सांगा. माणसं ताटकळलीत."

मास्तरांनी माईक वर घेतला. पाण्याचा एक घोट घेतला. आणि कोडगाचं नाव, त्याच्या वस्तादाचं नाव, गावाचं नाव, ढाक कशी बसली, खरजेनं चाळीस मिनिटं कशी झुंज दिली, आणि हरलेल्याला हरलेला म्हणायला आज माझी जीभ रेटत नाही, हे सगळं एका दमात सांगितलं. खरजेच्या गावानं कोडगाला खांद्यावर घेतलं. एक दगड उठला नाही.

त्यानंतर अकरा वर्षं मास्तरांनी त्या मैदानात पुकारा केला. अकराही वर्षं वाटी चाटून रिकामी केली. आणि अकराही वर्षं मी गुरवाच्या ओसरीवर बाहेर बसून आतला वास घेतला. काकी एकदा घरून डब्यात खीर घेऊन आल्या माझ्यासाठी. नानांनी तीही वेशीवरून परत पाठवली.

बाई हसत होत्या. मधल्या वेळात त्या किती वेळा खाकरल्या ते मी मोजलं नव्हतं, पण रुमाल पर्समध्ये गेला होता. "म्हणजे त्या दगडांनंतर मास्तर माईकवर एकदाही खाकरले नाहीत?"

"एकदाही नाही."

"आणि तुम्ही तुमची खीर घालवली."

"हावरेपणा नडला, दुसरं काय."

आतून अकरावा नंबर पुकारला. तो बाईंचाच होता. त्या उठल्या, आणि कोमट पाणी, लहान घास, जोर लावायचा नाही, असं बोटांवर मोजत दाराशी गेल्या.

"थांबा बाई," नाना म्हणाले. टोपी मांडीवरून उचलून त्यांनी डोक्यावर ठेवली. "ह्यानं तुमाला खोटं सांगितलंय."

"कुठलं?" मी म्हणालो. "बैलाचं असंल तर गाडी रिकामी होती, म्हणून पळाला."

"बैल पळू दे, सूर्यबी थांबू दे. खाकरा मास्तरांचा हुता. मी दुपारपासनं तुझ्या पाठीमागंच उभा हुतो, बापू. चौदा मुठी मीबी मोजल्या. पंधराव्यांदा मूठ कपाळाला गेली ती दोनदा गेली, आणि तू बटण सोडून, तोंड वासून, कोडगाची ढाक बघत बसला हुतास. खीर बंद केली ती त्याची शिक्षा."